चार भोकांचं चिलखत

जादूगारांच्या ऑनलाइन दुनियेत भोकाला फार किंमत आहे. आपल्याकडे सदऱ्याला भोक पडलं की तो फरशी पुसायला जातो. तिकडे अखंड, धडधाकट, एकही भोक नसलेलं चिलखत जमिनीवर पडलं असलं तर कुणी वाकून उचलत नाही. पण चार भोकांचं सापडलं, तर घरातला कर्ता माणूस रात्री दीड वाजता हेडफोन काढतो, स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या पाणी पितो आणि परत येऊन ते अजून पेटीत आहे ना, याची खात्री करतो. या भोकाला सॉकेट म्हणायचं. सॉकेटात रत्न बसवायचं. रत्न बसलं की आपली ताकद वाढते, आणि कितीने वाढली हे तिथल्या तिथे निळ्या अक्षरांत लिहून येतं.

मी सांगतोय ते 'डायब्लो टू'चं. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने हा गेम २००० साली काढला, २००१मध्ये त्याला 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' नावाची पुरवणी जोडली आणि २०२१मध्ये त्यालाच नवा रंग देऊन पुन्हा विकायला ठेवला. पहिल्या वेळी मित्राच्या सीडीवर काम भागवणाऱ्या पुष्कळांनी दुसऱ्या वेळी रीतसर पैसे मोजले. तेवढंच प्रायश्चित्त.

या गेममधली जादूगारीण आग, बर्फ आणि वीज या तिन्हींची मालकीण आहे. इथे नाहीशी होऊन तिथे प्रकट होणं हा तिच्या हातचा मळ. द्वेषाचा मेफिस्टो, दहशतीचा डायब्लो आणि विध्वंसाचा बाल असे तीन भाऊ जगावर उठलेत आणि तिने त्यांचा बंदोबस्त करायचा, अशी कथा आहे. ती प्रत्येकाने एकदा ऐकलेली असते. दुसऱ्यांदा ऐकणारा मला अजून भेटायचाय. डेकार्ड केन नावाचे एक वयोवृद्ध गृहस्थ सगळा इतिहास सांगायला केव्हाही तयार असतात, पण लोक त्यांच्याकडे जातात ते सापडलेल्या वस्तू ओळखून घ्यायला. ते काम ते फुकट करतात. इतिहासही फुकटच सांगतात, पण त्याला गिऱ्हाईक नाही.

कथेला काही अर्थ उरलेला नाही याचा पुरावा पाचव्या अंकात मिळतो. हॅरोगाथ नावाच्या डोंगरावरच्या गावाला राक्षसांचा वेढा पडलेला. वेढा घालणाऱ्यांचा मुकादम शेंक. त्याला मारायचं, गाव सोडवायचं. जादूगारीण बर्फातून वाट काढत जाते, तटबंदी फोडते, वाटेतले राक्षस उडवते, शेंकला लोळवते. गाव वाचतं. मग गावातला लोहार लार्झुक पुढे होतो आणि उपकाराची फेड म्हणून बाईंच्या एका वस्तूला भोक पाडून देतो. वस्तू साधी असेल तर बसतील तेवढी भोकं, दुर्मिळ असेल तर एकच. गेमच्या तीन काठिण्यपातळ्या आहेत, म्हणजे एका जादूगारिणीच्या उभ्या आयुष्यात लार्झुक तीनदाच हातोडा उचलणार. ही बक्षिसं वापरायची म्हटलं की खेळाडूंचा जीव खालीवर होतो. पुढे याहून चांगली वस्तू मिळाली तर? असं म्हणत म्हणत तिन्ही भोकं न पाडता वर्षानुवर्षं राखून ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या जादूगारिणी फाटक्या अवतारात नरकात फिरत असतात, पण शिल्लक मजबूत.

आता खडे. ते सात जातींचे: अमेथिस्ट, हिरा, पाचू, माणिक, नीलम, टोपाझ आणि कवटी. कवटी रत्नांच्या पंगतीत कशी येऊन बसली हे कुणी विचारत नाही. प्रत्येक जातीच्या पाच प्रती. सगळ्यात खाली टवका उडालेला, मग खोटीचा, मग साधा, मग निर्दोष, आणि सगळ्यात वर परिपूर्ण. खालच्या प्रतीचे तीन एकत्र केले की वरच्या प्रतीचा एक मिळतो. हे काम करतो होराड्रिक क्यूब नावाचा एक ठोकळा. तो दुसऱ्या अंकात, वाळवंटातल्या थडग्यांच्या तळाशी, ममींच्या गराड्यात असतो. एका प्राचीन पंथाने ही पवित्र वस्तू घडवली आणि तिच्यात एका दैवी दंडाचे तुकडे जोडायचे असतात. दंड एकदाच जोडायचा असतो. त्यानंतर जन्मभर त्या पवित्र वस्तूत टवके उडालेले खडे घालायचे आणि बटण दाबायचं.

क्यूबचा खरा महिमा आणखी वेगळाच. पिशवीत तो चार घरं अडवतो आणि त्याच्या पोटात बारा घरं मावतात. आगीचे लोळ, बर्फाची वादळं, कडाडणारी वीज हे सगळं ठीक आहे, पण चार घरांच्या जागेत बारा घरांचं सामान ठेवून देणारी जादू हीच खरी, असं या गेमच्या जुन्या खेळाडूंचं मत आहे आणि मला ते पटतं.

एक परिपूर्ण खडा करायला टवक्याचे किती लागतात? तीन, नऊ, सत्तावीस, एक्याऐंशी. पुरवणी जोडल्यानंतरच्या जुन्या गेममध्ये पेटीत ४८ घरं आणि पिशवीत ४०. म्हणजे एका परिपूर्ण टोपाझची ८१ पिल्लं एकदम सांभाळायची तर औषधाच्या बाटल्या ठेवायला जेमतेम सात घरं उरायची. म्हणून वाटेतच तिनाचा एक, तिनाचा एक करत जावं लागतं. करताना कायम दोन खडे उरतात. हे दोन टाकवत नाहीत आणि तिसरा येत नाही. दोन टवक्याची माणकं, दोन खोटीचे पाचू, दोन साध्या कवट्या. कुणाही खेळाडूची पेटी उघडा, प्रत्येक जातीचे दोन-दोन खडे तिसऱ्याची वाट बघत पडलेले दिसतील.

गेममध्ये जागोजागी देवळ्या आहेत. एखादीला हात लावला की जखमा भरतात, एखादीला लावला की वेग वाढतो. रत्नांची म्हणून एक वेगळी देवळी आहे. आपल्या पिशवीतला एक खडा ती एक पायरी वर चढवून देते, आणि पिशवीत खडाच नसेल तर एक टवक्याचा हातावर ठेवते. नवखा माणूस धावत जाऊन हात लावतो. मुरलेला माणूस तिच्या पुढ्यात थांबतो. अंगावर राक्षस येत असतात, त्यांना गोठवतो, जादूचं दार उघडून गावात परततो, पेटीतून निवडून एक निर्दोष टोपाझ काढतो, त्याच दारातून परत येतो आणि मगच दर्शन घेतो. मध्यंतरी त्याच्या गटातल्या दुसऱ्या कुणी देवळीला हात लावून ठेवला असेल, तर मग जी भाषा होते तिला नरकाचीच पार्श्वभूमी शोभते.

खडा कुठे बसवला यावर त्याचा गुण ठरतो. माणिक शस्त्रात बसवलं तर आगीचा मारा, चिलखतात बसवलं तर आयुष्य वाढणार, ढालीत बसवलं तर आगीपासून बचाव. नीलम शस्त्रात गारठा देतो, शिरस्त्राणात जादूची शक्ती वाढवतो. पाचू शस्त्रात विष. टोपाझ ढालीत विजेपासून संरक्षण, पण डोक्यावर किंवा अंगात घातला तर चांगल्या वस्तू सापडण्याचा योग वाढतो. हा तक्ता पाठ व्हायला लोकांना महिने लागतात. आमच्या मामांना तो एका चहात पाठ झाला.

मामा एका सरकारी खात्याच्या भांडारातून निवृत्त झाले. आयुष्यभर स्टॉक रजिस्टर सांभाळलं. उजव्या हातात तीन अंगठ्या: तर्जनीत पुष्कराज, अनामिकेत माणिक, करंगळीत पाचू. पत्रिका, रत्नं, कुठला खडा कुठल्या बोटात, कुठल्या वारी, किती रतीचा, याबद्दल त्यांचा शब्द नात्यात शेवटचा. मी खेळत असताना ते मागे येऊन उभे राहिले. माझा अंदाज होता की 'या वयात हे काय' असा प्रश्न येणार.

"हा टोपाझ डोक्यात का घातलास?" मामांनी विचारलं.

"वस्तू चांगल्या सापडतात."

"बरोबर आहे. गुरूचं काम. पण एक लक्षात ठेव, पुष्कराज वेगळा आणि टोपाझ वेगळा. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. टोपाझ हे उपरत्न. एका नगाने भागायचं नाही."

मी म्हटलं, "सात लागतात."

"लागणारच," मामा खुर्ची ओढत म्हणाले.

मग त्यांनी एकेक खडा तपासायला घेतला. माणकाने आयुष्य वाढतं, हे मान्य झालं, रवीचा खडा. पाचूने विष, हे साफ नामंजूर. "बुधाचा आणि विषाचा काय संबंध? बुध म्हणजे बुद्धी, वाणी, व्यापार." नीलम बघून ते सावध झाले. "हा असा उचलला आणि घातला, असं करत नाहीत. आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघायचा. मानवला तर ठीक." मी म्हटलं, मामा, इथे उशी नाही. "मग वापरू नकोस," मामा म्हणाले. कवटीपाशी ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे मला दाखवू नकोस."

"एकदा बसवलेला खडा काढता येतो का?"

"काढता येतो, पण खडा फुटतो. वस्तू तेवढी मोकळी होते."

ही व्यवस्था मामांना कडक वाटली, पण त्यातला हेतू कळला. ज्यांना दर महिन्याला खडे बदलायची सवय असते त्यांना असंच पाहिजे, असं ते म्हणाले आणि माझ्या मावशीचं नाव घेतलं.

यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला. "आणि अंगठीत कुठला घालतात?"

मी जरा चाचरत सांगितलं की या गेममध्ये शस्त्रात, ढालीत, शिरस्त्राणात आणि चिलखतात खडे बसतात. अंगठीत बसत नाहीत. अंगठ्या आहेत, दोन बोटांत दोन घालताही येतात, पण त्यांना सॉकेट नसतं.

मामांनी माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं. "डोक्यात खडा, ढालीत खडा, तलवारीत खडा," ते म्हणाले, "आणि अंगठीत नाही?"

'डायब्लो टू'पुरतं तरी या प्रश्नाला पंचवीस वर्षांत ब्लिझार्डने उत्तर दिलेलं नाही.

टोपाझच्या त्या सातांचा हिशोब मात्र मामांनी मागून घेतला आणि मला तो द्यावा लागला. एका परिपूर्ण टोपाझने चांगली वस्तू सापडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. चिलखताला जास्तीत जास्त चार भोकं, म्हणजे ९६. शिरस्त्राणाला तीन, म्हणजे ७२. एकूण १६८. यासाठी लागले सात परिपूर्ण टोपाझ, म्हणजे टवक्याचे ५६७. आता गंमत अशी की हे १६८ टक्के जसेच्या तसे हाती पडत नाहीत. वस्तू जितकी दुर्मिळ, तितकी गेम त्यातून कपात करतो, आणि सगळ्यात दुर्मिळ वर्गातल्या वस्तूंसाठी १६८चे जेमतेम १०० उरतात. दुसरी गंमत म्हणजे हा योग चिलखतं, तलवारी, अंगठ्या यांच्यापुरता आहे. रत्नांना तो लागू नाही. ५६७ टोपाझ अंगावर वागवले तरी ५६८वा सापडण्याची शक्यता काडीने वाढत नाही. मामांनी कागदावर हिशोब तपासला, तो बरोबर निघाला, आणि गेमबद्दलचा त्यांचा आदर वाढला. ज्या खात्यात त्यांनी हयात घालवली तिथले नियम याच जातीचे होते.

आणि इथे मला जे म्हणायचंय ते येतं. गेमच्या खोक्यावर ज्वाळा असतात, पण आतली नोकरी भांडारपालाची आहे. दिवसभर हपिसात एक्सेलच्या रकान्यांशी डोकं लावून कंटाळलेला माणूस रात्री जादूगार व्हायला बसतो आणि तासाभरात एक्सेल उघडतो. पहिल्या रकान्यात खड्याची जात, दुसऱ्यात प्रत, तिसऱ्यात नग, चौथ्यात शेरा. शेऱ्यात 'दोन, तिसरा येणे' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. हपिसातल्या रकान्यात चूक झाली तर हा माणूस 'बघू उद्या' म्हणतो. इथे एक साधा नीलम हिशोबात कमी आला तर तो झोपत नाही.

लढाईसुद्धा कारकुनी होते. सात टोपाझ अंगावर चढवलेली जादूगारीण तिसऱ्या अंकाच्या शेवटी मेफिस्टोकडे जाते. हा द्वेषाचा अधिपती. त्याच्या दालनात रक्ताचा खंदक आहे. त्याला जरासं डिवचून काठापर्यंत आणायचं आणि आपण नाहीसं होऊन पलीकडच्या काठावर प्रकट व्हायचं. मग तो काठावर येऊन उभा राहतो. त्याला पोहता येत नाही आणि वळसा घालून यावं हे सुचत नाही. सगळ्या विश्वातला द्वेष ज्याच्यात साठलाय तो प्राणी तिथे उभा राहून मार खातो. तो मेला की चार वस्तू पडतात. त्या बघायच्या, बहुधा टाकून द्यायच्या, गेम बंद करायचा, नवा सुरू करायचा आणि पुन्हा त्याच्या दारात जायचं. तो पुन्हा तिथेच, मागचं काही आठवत नाही, पुन्हा काठावर येतो. असं रात्रभर. मला हल्ली त्याची दया येते. द्वेष दोन्ही बाजूंनी संपलाय, उरलीय ती नुसती आवक-जावक.

पेटी भरली की लोक ऑनलाइन दुसरं पात्र तयार करतात. त्याला कुठलाही राक्षस मारायचा नसतो. पहिल्या गावात शेकोटीजवळ उभं राहून खडे सांभाळायचे, एवढंच काम. खेळाडू याला खेचर म्हणतात. एका जादूगारिणीमागे अशी खेचरं अर्धा-अर्धा डझन असतात. एक फक्त टोपाझचं, एक कवट्यांचं, एक संकीर्ण. पण कंपनीच्या सर्व्हरचा एक नियम होता. नव्या पात्राने गेममध्ये एकूण दोन तास हजेरी लावली नाही, तर दहा दिवसांत ते खड्यांसकट पुसलं जायचं. दोन तास भरले की मग ९० दिवसांची मुदत, आणि त्या मुदतीत एकदा तोंड दाखवलं की पुढचे ९०. त्यामुळे लोक नवं खेचर गेममध्ये उभं करून जेवायला जायचे, सिनेमा बघायचे. यालाही नाव आहे, पात्र 'पर्म' करणं, म्हणजे परमनंट.

हे ऐकल्यावर मामा खुर्चीत पुढे सरकले.

"दोन तासांत परमनंट?"

"हो."

"आणि काम काय?"

"काही नाही. उभं राहायचं."

"आणि तीन महिन्यांतून एकदा सही."

"एवढंच."

मामांना रोजंदारीवरून कायम व्हायला किती वर्षं लागली होती, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्या दिवशी ते पुन्हा ऐकावं लागलं.

खडे साठले की बाजार आलाच. या गेममध्ये सोन्याची नाणी ढिगाने सापडतात, त्यामुळे खेळाडू एकमेकांत ती घेत नाहीत. परिपूर्ण खडे ही चिल्लर आणि 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची अंगठी ही नोट, असं चलन लोकांनी आपलं आपण पाडलं. मग काही हुशारांना एका अंगठीच्या दोन करायची खोड सापडली आणि बाजारात नोटांचा पूर आला. २००३च्या सुमारास कंपनीने यावर जो उपाय काढला तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. अंगठी गेममधल्या दुकानदाराला विकायची. सर्व्हरवर किती अंगठ्या विकल्या गेल्या याचा आकडा सगळ्यांना दिसणार. पुरेशा विकल्या गेल्या की खास डायब्लो अवतरणार आणि त्याला मारणाऱ्याला एक दुर्मिळ ताईत मिळणार. लोकांनी रांगा लावून नोटा जाळल्या. मामांना यातलं एकच वाक्य भावलं. "म्हणजे शेवटी चलन कुठलं? अंगठीच ना!"

आमच्या मुलीला हा गेम बघवत नाही. तिच्या मते तो अंधारा आहे आणि सगळे कण्हत असतात. ती 'विझार्ड१०१' खेळते. टेक्ससच्या किंग्जआइल कंपनीने २००८ साली काढलेला हा मुलांचा गेम. सगळं रंगीत, जादूची शाळा, सात विद्याशाखा. जीवनशाखेला शिकवायला गाय आहे आणि वादळशाखेला बेडूक. वादळशाखेचे मंत्र सगळ्यात जोरकस, पण दहातले तीन फुसके जातात. बाई-सर चांगले आहेत, रिझल्ट तेवढा बेताचा. मुलांनी आपलं खरं नाव टाकू नये म्हणून नाव यादीतूनच निवडावं लागतं. त्यामुळे आमच्या घरातल्या मुलीचं तिथलं नाव एखाद्या आयरिश सरदारासारखं आहे आणि जेवायला बोलावताना ती त्याच नावाला ओ देते.

इथल्या खड्यांना आकार असतात. थेंब, गोल, चौकोन, त्रिकोण. भोकंही त्याच आकारांची. थेंबाच्या भोकात थेंबच बसणार. यातली काही भोकं आधीपासून बंद असतात, ती उघडून घ्यावी लागतात. पैसा दोन प्रकारचा. एक सोनं, ते खेळून मिळतं. दुसरा क्राउन, तो मुख्यतः आईबापांच्या खिशातून मिळतो. मुलीने मामांना हे सगळं समजावून सांगितलं. मामांनी मुद्द्याचं विचारलं.

"बाळा, अंगठीत खडा बसतो?"

"हो आजोबा. अंगठीत बसतो, गळ्यातल्यात बसतो."

"हा गेम कुणीतरी माहितगाराने केलाय," मामा माझ्याकडे बघून म्हणाले.

'डायब्लो थ्री' २०१२च्या मे महिन्यात आला. पहिल्या दिवशी जगभरच्या लोकांना 'एरर ३७' एवढंच बघायला मिळालं, कारण एकट्याने खेळायचं असलं तरी सर्व्हरला जोडलेलं राहण्याची सक्ती. पण या गेमने एक गोष्ट नेमकी केली. खडे घडवायला क्यूबऐवजी सोनार ठेवला, शेन नावाचा, आणि त्याची बिरुदावलीच 'लोभी'. दुकानाच्या पाटीवरच लिहून टाकलं की पुढे कटकट नाही. घडणावळ घेऊन तो खडे वाढवून देतो आणि पैसे घेऊन बसवलेला खडा अखंड काढूनही देतो. अंगठ्यांनाही भोकं आली. मामांच्या दृष्टीने ही प्रगती. पण त्याच वर्षी कंपनीने खऱ्या पैशांचं लिलावघर उघडलं आणि लोक राक्षस मारायचं सोडून बाजारातच जाऊन बसले. राक्षस ओस पडले. शेवटी १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने ते दुकान स्वतःच बंद केलं.

मग २०२२ साली 'डायब्लो इमॉर्टल' फोनवर आला आणि खड्यांचा कारभार परिपूर्ण पायरीवर पोचला. इथे पौराणिक रत्नं आहेत, एक, दोन आणि पाच ताऱ्यांची. पाच ताऱ्यांचं रत्न मिळालं म्हणून उड्या मारायच्या नाहीत, कारण त्या पाचांतले किती तारे पेटलेले आहेत हे बघायचं असतं. पाचांतले दोन पेटलेलं रत्नही पाच ताऱ्यांचंच. रत्न वाढवायला पुन्हा रत्नंच खर्ची घालायची. रत्नं मिळवायला गुहेत शिरायचं आणि शिरताना एक मुद्रा लावायची, ती पैसे टाकून घेता येते. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये असल्या सोडतींवर कायद्याचा डोळा असल्याने तिथे गेम आलाच नाही. न्यूझीलंडच्या एका स्ट्रीमरने लोकांसमोर हजारो डॉलर ओतून अखेर पाचही तारे पेटलेलं रत्न मिळवलं. ते त्याने एका फडतूस रत्नाला खायला घातलं आणि गेम पुसून टाकला. एका यूट्यूब वाहिनीने हिशोब मांडला होता की एक पात्र पूर्ण नटवायचं तर सुमारे १,१०,००० डॉलर लागतील. त्या वेळच्या दराने पंच्याऐंशी लाख रुपये.

हा आकडा मी मामांना मुद्दाम सांगितला. ते दचकले नाहीत. खात्यात याहून मोठे आकडे त्यांनी मंजूर होताना पाहिलेत.

"नग किती?"

"सहा."

मामांनी मनातल्या मनात भागाकार केला. "नगामागे चौदा लाखांच्या वर. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र देतात?"

"नाही."

"परत विकता येतं?"

"नियमात बसत नाही."

"बरं. अंगठीत घालायचं ना?"

"अंगठीत साधे खडे घालतात, मामा. पौराणिक रत्नं सहाच जागी बसतात. डोकं, खांदे, छाती, दोन हातांतली दोन शस्त्रं..." मी थांबलो.

"पाच झाले," भांडारपाल म्हणाले. "सहावा?"

"विजारीत."

मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "चौदा लाखांचा खडा," ते म्हणाले, "आणि धोब्याकडे टाकताना काढून ठेवायची काय सोय आहे?"